आकाशी कॉलरच्या पलटणीत

कॅनडात रिचमंड हिलला आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहायचे. शाळेत त्यांनी तीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवला होता. वय सत्तरच्या पुढे, बायको गेलेली. मी त्यांना सर म्हणायचो. २०१२च्या सुमाराला इथल्या जुन्या युद्धाला दोनशे वर्षं होत होती. अमेरिका कॅनडावर चाल करून आली होती, ते युद्ध. उन्हाळ्यात हौशी लोक त्या काळचे गणवेश चढवून मैदानात लुटुपुटीच्या लढाया करत. सरांची एक पंचवीस माणसांची पलटण होती, आणि त्यांना माणसं कमी पडत होती.

त्यांच्या बेसमेंटमध्ये त्यांनी मला पहिल्यांदा तो कोट दाखवला. जाड लाल लोकर, कॉलर आणि बाह्यांची टोकं आकाशी, काजांभोवती पांढरी फीत.

"इंग्रजांचा?" मी विचारलं.

"इंग्रजांसाठी लढणाऱ्यांचा. ही माणसं स्विस, जर्मन, इटालियन, मिळतील ती. एका स्विस सरदाराने ही पलटण डच कंपनीसाठी उभारली. मग ती श्रीलंकेत गेली, तिथे इंग्रजांकडे आली. टिपूच्या श्रीरंगपट्टणवर चालून गेली. पुढे माल्टा, सिसिली आणि शेवटी इथे, कॅनडात."

मी कोटाकडे बघत राहिलो. नागपूरला आमच्या घरात लाल कोट ऐकून माहीत होता. पणजोबांचे वडील इंग्रजांच्या पलटणीत होते, असं आजोबा सांगायचे. गावाने ज्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही, त्यांना त्या कोटाने सरळ उभं केलं, हेही सांगायचे. पण हा कोट श्रीरंगपट्टणला काय करून आला, तेही मला कळत होतं. दोन्ही एकदम मनात आलं. तरी मी तो अंगावर घालून पाहिला आणि तो मला बरोबर बसला.

खरं सांगायचं तर मला बंदुकीची भीती वाटते, लहानपणापासून. हे मी सरांना सांगितलं नाही. बायकोला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण तिचा या प्रकाराला आधीपासून विरोध होता. "पोटापाण्याचं काम कमी पडलं का तुला? बंदूक ती बंदूकच," ती म्हणाली होती.

सरांनी मला दोन महिने कवायत शिकवली. गोळी नसते, नुसती दारू. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू बाहेरच्या पेल्यात, उरलेली नळीत. गारगोटी धरलेला घोडा मागे ओढायचा, चाप दाबला की गारगोटी लोखंडावर आपटते, ठिणगी पडते, पेल्यातली दारू पेटते आणि बारीक भोकातून आत आग जाते. कधी कधी ठिणगीच पडत नाही. "अशा वेळी नळी वर धर आणि मला सांग," सर म्हणायचे. "लाज वाटून घेऊ नकोस. भरलेल्या बंदुकीवर पुन्हा भरलीस तर नळी फुटू शकते."

लढाईच्या दिवशी ऊन कडक होतं. चामड्याचा पट्टा गळ्याला काचत होता, लोकरीच्या आत घामाच्या धारा. दोराच्या पलीकडे शेकडो लोक, त्यांत माझी बायको आणि दहा वर्षांची मुलगी. माझ्या उजव्या हाताला सर उभे होते.

पहिली फैर झाली. सगळीकडे पांढरा धूर आणि गंधकाचा वास. कानात नुसता घुमारा. दुसरी फैर, तिसरी. मी फाडत होतो, ओतत होतो, चाप दाबत होतो. चौथ्यांदा घोडा मागे ओढला तेव्हा सहज सरांच्या बंदुकीकडे नजर गेली. बाजूच्या भोकातून धुराची बारीक रेघ निघत होती, आधीची दारू आत जळल्याची खूण. माझ्या भोकातून काहीच नाही.

माझी बंदूक नेमकी कधीपासून उडत नव्हती? इतक्या आवाजात ते कळायला मार्गच नव्हता. आत दोन काडतुसं असतील, तीन असतील, चारही असतील. आणि त्या भोकाचं तोंड सरांच्या चेहऱ्याकडे होतं.

"प्रेझेंट," हुकूम आला. सगळ्या नळ्या खाली आल्या. माझीही आली. ओरडायला तोंड उघडलं, तोवर पुढचा हुकूम आला. "फायर." मी चाप दाबला नाही. आजूबाजूला धडाका झाला आणि माझं बोट चापावर तसंच राहिलं. ओढलेला घोडा तसाच सोडता येत नाही. तो हळूच खाली आणायचा, तर घामाने अंगठा निसटणार.

"सर," मी कसंबसं म्हणालो. "आत खूप आहे. किती ते माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चापावरून बोट काढ. नळी आकाशाकडे. हलू नकोस."

मी नळी वर केली. समोरचे निळ्या कोटातले, अमेरिकन झालेले लोक आरडाओरडा करत आमच्याकडे येत होते. मला रडू येईल असं वाटलं. सरांनी स्वतःची बंदूक डाव्या हातात घेतली आणि ठिणगी पडू नये म्हणून उजव्या हाताचा अंगठा माझ्या गारगोटी आणि लोखंडाच्या मधे घातला. "आता चाप दाब. सावकाश."

"तुमचा अंगठा..."

"दाब."

मी दाबला. खट् असा दबका आवाज आला. सरांच्या तोंडून श्वास निघाला, बाकी काही नाही. मग त्यांनी लोखंडाची ती पट्टी उघडून पेल्यातली दारू फुंकून टाकली. "चल. मागे जा. धावू नकोस, लोक बघतायत."

लढाई संपल्यावर झाडाखाली त्यांनी माझ्या नळीत पाणी ओतलं आणि गजाला स्क्रू लावून आतलं बाहेर काढलं. काळा चिखल निघत राहिला. "तीन," ते म्हणाले. रांगेतली बाकीची माणसं आपापल्या बंदुका पुसत होती. कुणी मला रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

"बाबा, यू लुक्ड सो रिअल," मुलगी पळत येऊन म्हणाली. बायकोने विचारलं, "इतका पांढराफटक का पडलास?" मी म्हणालो, ऊन.

पुढचे तीन आठवडे मी नीट झोपलो नाही. ऑफिसात कुणी दार आपटलं की हात टेबलाखाली घ्यायचो. सरांचं घर टाळून गाडी काढायचो. शेवटी एका शनिवारी बायको मटार सोलत बसली होती, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती सोलत राहिली. शेंगा संपल्यावर म्हणाली, "मी दोरापाशी उभी राहून टाळ्या वाजवत होते."

मग विचारलं, "त्यांचा अंगठा कसा आहे?"

मला माहीत नव्हतं. विचारायचं धाडसच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मटार-भाताचा डबा घेऊन माझ्याबरोबर सरांकडे आली. मी घडी केलेला कोट घेतला होता, परत द्यायला. सरांनी तो ठेवून घेतला, कारण विचारलं नाही. "या पलटणीतली निम्मी माणसं युद्धानंतर बंदूक टाकून इथेच शेती करायला राहिली," एवढंच म्हणाले. मग त्यांनी डबा घ्यायला हात पुढे केला. अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन अर्धं सुटलं होतं. बायकोने ते पाहिलं, डबा त्यांच्या हातात दिला, आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली.