महालक्ष्म्या आणि थोरलीचं मानसशास्त्र

माझी थोरली सून कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणूस असा का वागतो हे ती मुलांना सांगते आणि त्याचा पगार घेते. मी चौथी शिकले. माणूस असा का वागतो हे मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, त्यालाच विचार, मला कामं आहेत.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर थोरल्या मुलाने मला बूढापाऱ्यातल्या जुन्या घरातून उचललं आणि शंकर नगरात आपल्या घरी आणून ठेवलं. माझ्याबरोबर आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटेही आले. भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी तीन दिवस आमच्याकडे बसतात. पितळी चेहरे, धडाच्या जागी पत्र्याच्या कोठ्या, वर साड्या. सासूबाईंनी ते मुखवटे माझ्या हातात दिले होते, आता मला ते कोणाच्या तरी हातात द्यायचे होते. एकदा दिले की ते घर ठरलं, दर दोन वर्षांनी बदलायचा तो प्रकार नाही. रीतीने ते थोरलीचे. पण सासू म्हणेल तर धाकटीकडे जाऊ शकतात.

धाकटी अभनपूरला असते. धाकट्या मुलाचं तिथे धान्याचं दुकान आहे. ती रोज संध्याकाळी फोन करून गोड बोलायची, "आई, आमच्याकडे हॉल किती मोठा आहे, दोघी कशा शोभून दिसतील." थोरलीने एकदाही विषय काढला नाही. तिला हव्या असतील तर तिने मागावं, असं माझं म्हणणं होतं. मी आपणहून देणार नव्हते.

अशात श्रावणात आमच्या भजनी मंडळाने थोरलीला बोलायला बोलावलं. विषय 'आपलं व्यक्तिमत्त्व'. मीही गेले, तिच्याच गाडीत बसून.

ती बोलते चांगलं, हे मी नाकारत नाही. तिने सुरुवातीला सांगितलं की व्यक्तिमत्त्वाला जो इंग्रजी शब्द आहे तो मुखवट्यावरून आलाय. जुन्या काळी परदेशात नाटकातले नट मुखवटे लावून उभे राहत, त्यावरून. बायका "अरे वा" म्हणाल्या. मग तिने पाच मापं सांगितली. प्रत्येक माणसाला या पाच मापांनी मोजता येतं म्हणे. त्याला नव्याची ओढ किती, कामात तो नेटका किती, माणसांत मिसळतो किती, दुसऱ्याशी जुळवून घेतो किती आणि त्याचं मन लवकर ढवळतं का. प्रत्येक माप सगळ्यांत असतं, कोणात कमी, कोणात जास्त. मला वाटलं, एवढ्यासाठी एवढं शिकावं लागतं?

चौथ्या मापाशी ती थांबली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांना लग्नाला बोलावलं, तर त्या जेवताना नवरीच्या आईला हाक मारून सांगतात की वरणात मीठ कमी आहे."

सगळ्या हॉलने माझ्याकडे पाहिलं. कारण ती नवरीची आई माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. ती मला कोपराने ढोसून म्हणाली, "तुमीच न वो ह्या?"

"मीठ कमी होतं का नव्हतं?" मी विचारलं.

"होतं ना कमी. पण म्हणून मांडवात सांगाचं?"

"मग कुठं सांगाचं, पोट्टी सासरी गेल्यावर?"

पुढे थोरली म्हणाली की स्वभावाचा हा साचा तिशीनंतर फारसा बदलत नाही. "अशा व्यक्तीसमोर कोणाची चूक होऊ द्या, त्या गप्प बसूच शकत नाहीत. ते त्यांच्या हातातच नसतं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग चिवडा आणि चहा आला. मी चहाला हात लावला नाही.

परत येताना गाडीत मी तिला धरलं.

"मी तुमचं नाव घेतलं का?" ती म्हणाली.

"नाव घ्याचं काय राहिलं होतं? माझं आधार कार्ड फिरवायचं होतं हॉलमध्ये?"

"आई, उदाहरणाशिवाय लोकांना समजत नाही."

"मग तुह्या आईचं द्यायचं."

"दिलं ना. तिसऱ्या मापाला. ती जी बाई रॉंग नंबरवाल्याशी पण अर्धा तास बोलते, ती कोण होती?"

मागच्या सीटवर नात बसली होती, ती फिस्सकन हसली. "दादी, अब जाने भी दो ना." आमच्या नातीला मराठी सगळी कळते. तोंडातून मात्र इथल्या शाळेतली हिंदीच निघते. मी तिला गप्प केलं.

त्यानंतर मी थोरलीला सोडलं नाही. ज्या विद्येने माझं हसं केलं ती काय चीज आहे, हे मला बघायचं होतं. रोज भाजी निवडताना मी विचारायची आणि ती सांगायची. तिलाही खुमखुमी होतीच.

ती म्हणाली, एका जुन्या डॉक्टरचं म्हणणं होतं की माणूस लहानपणीच घडून जातो, आणि नंतर मनाच्या तळघरात दडलेलं त्याच्याही नकळत त्याला चालवतं. मग मलाच विचारते, "तुम्हाला लहानपणी कोणी मारत होतं का?" बाप मारायचा, आई मारायची, शाळेत गुरुजी मारायचे. पण माझ्या बहिणीला त्याच हातांनी तोच मार बसला. ती इतकी मऊ निघाली की तिची सून तिच्या ताटातली पोळी उचलून नेते आणि ती बघत बसते. हे मी सांगितलं तर थोरली म्हणते, जन्मतःही काही गोष्टी येतात. म्हणजे जिथे एक अडलं तिथे दुसरं पुढे करायचं.

आणखी काहींचं म्हणणं असं की स्वभाव वगैरे काही नसतं, ज्या वागण्याचा फायदा होतो ते माणूस पुन्हा पुन्हा करतो. हे मला पटलं. मी तोंडाने फटकळ आहे म्हणून भाजीवाला मला शिळी मेथी देत नाही. थोरलीला देतो. मी तिला निवडता निवडता पिवळी पानं दाखवली.

एक मत मात्र ऐकून माझं डोकंच फिरलं. काही लोक म्हणतात, माणूस जागेप्रमाणे वागतो. देवळात एक, ऑफिसात एक, घरात तिसरंच.

"मग तिथं काहून म्हणाली का स्वभाव बदलत नाही?"

"दोन्ही बाजू आहेत, आई. त्यावर अजून वाद सुरू आहे."

"वाद सुरू आहे तोवर माझी बदनामी कराची नाही. निकाल लागला का मग कर."

ती वाटी घेऊन उठून गेली. आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो.

महालक्ष्म्यांचे दिवस आले. मी मुलाला आणि तिला समोर बसवून सांगितलं, "औंदा मी खुर्चीत बसणार. हात लावणार नाही, सांगणार नाही. हिनं एकटीनं बसवायच्या. मग मी ठरवीन, इथं राहतील का अभनपूरला जातील." मुलगा काहीतरी पुटपुटला. थोरली "ठीक आहे" म्हणाली आणि पोह्यांना फोडणी द्यायला गेली.

तिने कोठ्या पुसल्या, धान्य भरलं, साड्या नेसवल्या. निऱ्या नीट पाडल्या होत्या, हे कबूल. मग मुखवटे आणले. आमच्याकडे दारातून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला ज्येष्ठा बसते. चेहरे सारखेच आहेत, फक्त कनिष्ठेच्या गालावर लहानसा चेप आहे. थोरलीने चेपवाला चेहरा उचलला आणि उजव्या कोठीवर बसवला.

माझं तोंड उघडलं. मग हॉलमधल्या टाळ्या आठवल्या आणि मी ते मिटलं.

यात दया नव्हती, कोणी तसं समजू नये. तिने चारचौघींत सांगितलं होतं की मी गप्प बसूच शकत नाही. मी गप्प बसले. तिची विद्या तिच्याच बैठकीत खोटी पडू दे, असं मला वाटलं. नात हार घालत होती, तिला कळलं नाही. मुलगा पूजेला बसला, त्याला तर स्वतःची चप्पल ओळखता येत नाही. पूजा झाली, अक्षता पडल्या. त्यानंतर मुखवटे तिसऱ्या दिवशी बोळवण होईपर्यंत हलवता येत नाहीत. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, पण गुडघा दुखत होता.

दुसरा दिवस जेवणाचा. पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्यांची रांग. भजनी मंडळाच्या बायका आल्या. धाकटी अभनपूरहून देवींवर टांगायचा फुलोरा तळून घेऊन आली. शिवाय तिने कापूस भरून शिवलेली, दोन मुखवटे मावतील एवढी एक पिशवी आणली होती. कशासाठी, ते मी विचारलं नाही, दिसत होतं. तिने नमस्कार केला, वर पाहिलं आणि माझ्या कानाशी आली.

"आई, उलट्या बसल्या न वो दोघी?"

"हव."

"मी काही बोलत नाही. ताईंना वाईट वाटेल."

असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. पंगत बसेपर्यंत सगळ्या बायकांना ठाऊक झालं होतं. प्रत्येकीला तिने बजावलं होतं की ताईंना सांगू नका. या बाईला थोरलीच्या चौथ्या मापात भरपूर गुण मिळाले असते.

जिच्या वरणात मीठ कमी होतं ती नवरीची आई शेवटी राहवेना म्हणून बोललीच. "काय वं, तुह्याकडे ज्येष्ठा डावीकडं बसवतात का?"

थोरली तूप वाढत होती. तिने वळून महालक्ष्म्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता रडेल, नाहीतर माझ्यावर ढकलेल, की यांनी सांगितलं नाही. तिने तुपाचं भांडं खाली ठेवलं नाही.

"नाही. उजवीकडेच. माझी चूक झाली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आता हलवत नाही. उद्या बोळवताना माफी मागीन. पुरण घ्या, थंड होऊन राहिलं."

पंगत उठल्यावर ती माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला काल दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तूच म्हणाली होती का मी गप्प बसू शकत नाही. बसले. आता सांग तुह्या मंडळाला."

"मला तोंडावर पाडायला तुम्ही देवीला उलटं बसू दिलं," ती म्हणाली. "चौथ्या मापात तुम्ही आणखी खाली गेल्या, आई."

"म्हणजे बोलले तरी तेच आणि गप्प बसले तरी तेच?"

"हो."

"मग कशाचं शास्त्र ते? ज्योतिषी निदान चुकतो तरी."

ती वळून जायला लागली. मी पुढे म्हटलं, "त्या मापात तूही तळालाच आहेस."

"माहीत आहे. मी माझं माप काढलं आहे," ती म्हणाली आणि खरकटी ताटं उचलायला गेली.

तिसऱ्या दिवशी बोळवण झाली. थोरलीने दोन्ही चेहऱ्यांपुढे कान धरून माफी मागितली, मोठ्याने, कोणाची लाज न धरता. धाकटी पिशवी उघडून तयार होती. मी म्हटलं, "मिटव ती. इथंच राहतील."

धाकटी रडायला लागली. "माझं काय चुकलं, आई?"

"काही नाही. फुलोरा चांगला होता."

थोरली धान्य उपसत होती, ती तिथूनच बोलली. "मी मागितल्या नव्हत्या."

"मी तुले विचारलं नाही."

"नोकरी करून दरवर्षी सोळा भाज्या माझ्याने होणार नाहीत. आठ करीन."

"सोळा."

"दहा. आणि निवडायला तुम्ही बसायचं."

"बारा," मी म्हटलं, "आणि मेथी मी आणणार."

मुखवटे पुसायला थोरलीने जुनी सुती साडी फाडली. मी सांगितलं, ओल्या फडक्याने नको, पितळ काळं पडतं. तिने कोरडंच घेतलं होतं.