सावळीराम अण्णांच्या विमानाचं पोट

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत पुंजा मिस्तरी कुठे राहतो विचारा, कुणीही घर दाखवील. तो माझा नवरा. दाराचं बिजागर कुरकुरलं की लोकांना हे आठवतात, एरवी नाही. गाव पेठकडचं. तिथे बोहाड्याच्या उत्सवात देवांची सोंगं नाचवतात, म्हणजे लाकडी मुखवटे. ह्यांच्या घरात तीन पिढ्या ती घडतात. आमच्याकडे सोंग म्हणजे साक्षात देव, लोक पाया पडतात. पुढचा सगळा घोळ ह्याच शब्दाने घातला.

दिवाळीनंतर समोरच्या अंबूबाई आमच्याकडे आल्या आणि खुर्चीत टेकायच्या आधीच रडायला लागल्या. त्यांचे यजमान सावळीराम अण्णा पूर्वी हवाई दलात होते. एकाहत्तरच्या लढाईत कॅनबेरा नावाच्या बॉम्बफेकी विमानावर जमिनीवरचं काम त्यांच्याकडे होतं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला. बोलणं नाही, अन्नावर वासना नाही. डॉक्टर म्हणाले, शरीर ठणठणीत आहे, जगायची इच्छाच राहिली नाही. अंबूबाईंचं मागणं एवढंच, की हाताने चाचपता येईल असं ते विमान करून द्याल का.

ह्यांनी आयुष्यात विमान पाहिलेलं ते ओझरच्या बाजूला, आभाळात. पण 'नाही' म्हणायला हे शिकलेच नाहीत, आणि त्याचा ताप मला. आमच्या लेकीने, चैतालीने, मोबाइलवरून फोटो आणि मापं काढून दिली. खऱ्या विमानातल्या दोन फुटांना इथे एक इंच, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत तेहेतीस इंच. गावाहून पांगाऱ्याचं हलकं लाकूड आलं आणि दोन महिने माझ्या घराचा कारखाना झाला. आमटीत भुसा, अंथरुणात भुसा. पण खोटं कशाला बोलू, विमान देखणं झालं. पंखांतली दोन इंजिनं, डावीकडे सरकलेला वैमानिकाचा घुमट, सगळं गालासारखं गुळगुळीत.

आम्ही ते अण्णांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं पाठीवरून, पंखांवरून फिरली, मग खाली गेली आणि तिथेच थांबली. पोट कोरं होतं, सपाट फळी नुसती. अण्णा म्हणाले, "पुंजा, हे विमानाचं सोंग आहे."

कित्येक महिन्यांनी तोंडातून शब्द निघाला होता. अंबूबाईंनी हात जोडले. आणि हे असे फुलले की विचारू नका. घरी येऊन मला म्हणतात, अण्णांनी सोंग म्हटलं, कामाचं चीज झालं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, अण्णांच्या बोलण्यात सोंग म्हणजे ढोंग. तुमचं विमान खोटं आहे, असं म्हणाले ते. ह्यांचा चेहरा पडला तशी मी जीभ चावली. माझ्या जिभेला हाड नाही, काय करू.

सकाळी हे पुन्हा गेले आणि खोटं काय ते सरळ विचारलं. अण्णा म्हणाले, "मी ते वरून कधी पाहिलंच नाही रे. मी खाली असायचो."

आता ह्यात ह्यांची तरी काय चूक? मुखवटा समोरून बघायचा असतो. मागची बाजू डोक्यासाठी, ती कोरीच सोडतात. त्याच हाताने ह्यांनी विमान केलं. आणि पोटाचा फोटो काही केल्या मिळेना. मग हे अण्णांनाच म्हणाले, तुम्ही सांगा, मी कोरतो.

तेव्हापासून रोज सकाळी बैठक. अण्णा ह्यांचं बोट धरून फळीवर टेकवायचे आणि शिव्या घालायचे, गाढवा, मागे, अजून मागे. अंबूबाई मला कौतुकाने सांगायच्या, आज दीड भाकरी खाल्ली. मला तर त्या शिव्याही गोड लागायच्या.

मग एका जागी अण्णांचं बोट अडलं. म्हणाले, इथे एक झाकण असतं, तीन खिट्ट्यांचं, ते करू नकोस. लढाईत त्यांचं विमान एकदा गेलं ते परत आलंच नाही. आत दोघं होते. का पडलं ते कुणालाच कळलं नाही, कुणी अण्णांना बोलही लावला नाही. पण ते झाकण शेवटी अण्णा लावायचे.

"त्या दिवशी लावलं की नाही, आठवत नाही," ते म्हणाले. "चोपन्न वर्षं आठवतोय." हे त्यांनी अंबूबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. सांगून झालं आणि ते परत भिंतीकडे वळले.

मी ह्यांना बजावलं, आता हात लावू नका, माणूस जाईल हातचा. ऐकतील तर शपथ. म्हणे, झाकण नसेल तर ते पुन्हा सोंगच की, अण्णांच्या भाषेतलं. पितळेच्या पट्टीच्या तीन इवल्या खिट्ट्या करायला आठ दिवस लागले. मग झाकण उघडंच ठेवून विमान अण्णांच्या मांडीवर दिलं आणि हे नळाला पाणी येत नाही ह्यावर बोलत बसले. माझा जीव टांगणीला. मग अण्णाही महापालिकेच्या नावाने करवादायला लागले. बोलता बोलता त्यांची बोटं खाली गेली. एक खिट्टी, दुसरी, तिसरी. मग तळवा झाकणावरून दोनदा फिरला. तोंडाने पाण्याचं चालूच.

मला राहवेना. "अण्णा, आत्ता हाताने काय केलंत?"

ते थांबले. पुन्हा चाचपून पाहिलं. झाकण पक्कं लागलेलं होतं.

"अंबू," ते म्हणाले, "मी लावलं असेल ग."

अंबूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि फाडकन म्हणाल्या, "असेल काय? लढाईआधी लग्न झालं त्या पहिल्या वर्षापासून बघतेय, दाराला कुलूप लावलं तरी दोनदा हात फिरवता तुम्ही. मला विचारलं असतंत, तर तेव्हाच सांगितलं असतं."