रंजिताचं कार्ड आणि काशीआत्याचे धवले

शिरवण्यातल्या कमळाकरांच्या घरी हळद असली की घर रिकामं करायची रीत आहे. पलंग, सोफा, कपाटं सगळं अंगणातल्या शेडमध्ये जातं आणि आत पाहुण्यांसाठी सतरंज्या पडतात. पुतण्याच्या हळदीला घरातला सर्व्हरही सोफ्यापाठोपाठ शेडमध्ये गेला. रूपेशने, म्हणजे कमळाकरांच्या मुलाने, तो तिथेच चालू केला, कारण हळदीचं शूटिंग लगेच त्यावर चढवायचं होतं. डीजेवाल्यानेही साउंडची लाइन घ्यायला नेमका शेजारचाच सॉकेट निवडला. नाच ऐन रंगात आला आणि सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला. वास सगळ्यांना आला, पण तो बिर्याणीच्या टोपाचा असेल म्हणून कुणी उठलं नाही.

रूपेश लग्नांचं शूटिंग करतो. जुने व्हिडिओ लोकांकडे पोचलेले होते, त्यामुळे तो फारसा हलला नाही. हादरली ती त्याची बायको रंजिता. नेरूळच्या एका कॉलेजात ती कॉम्प्युटर लॅब सांभाळते. त्या सर्व्हरमध्ये तिने काशीआत्याचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, ठेवले होते.

काशीआत्या कमळाकरांची थोरली बहीण, गावची धवलारीन. आगऱ्यांच्या घरात भटजी नंतर येतो, धवलारीन आधी. तिने धवले गायल्याशिवाय मांडवात पान हलत नाही. रंजिताने रोज कॉलेजातून आल्यावर तिच्यासमोर माइक धरून सगळे धवले उतरवून घेतले होते. त्यानंतर आत्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि जीभही गेली. आता ती ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघते.

उतरवून घेताना आत्या प्रत्येक ओळीनंतर थांबायची. धवला दोघी मिळून गातात, आणि तिची जोडीदारीण सरस्वती तेव्हा नुकतीच वारली होती.

"आत्या, मध्ये थांबू नका, सलग गा," रंजिता म्हणायची.

"मंग पुढची वळ उचलनार कोन?" आत्या विचारायची, आणि पुन्हा थांबायची.

"म्हणजे अर्धं गाणं तुम्हाला यायचं, अर्धं सरस्वतीआजींना?"

आत्या पदर तोंडाला लावून हसली होती. "नाय गो बाय. दोघींना पुरं यायला पायजे. अर्धं तुजं, अर्धं माजं केलं, तं एक जेली का गानंपन जेलं."

आणि इथे रूपेशने स्वतःच्या लग्नाआधीच नेमकं अर्धं-अर्धं करून ठेवलं होतं. जागा जास्त मिळते म्हणून मदरबोर्डवरच्या कंट्रोलरने दोन डिस्क जोडून एक केली होती. प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्हीकडे वाटलेले, आणि वाटणी कशी केली ते ठाऊक फक्त त्या बोर्डाला. रंजिता दुसरी कॉपी करायची म्हणत होती. उद्या करू, परवा करू म्हणता म्हणता हळद आली.

रूपेशने हौसेने नवा बोर्ड आणून बसवला. स्क्रीनवर प्रश्न आला: डिस्क ओळखता येत नाहीत, नव्याने तयार करू का?

"कर ना यस," रूपेश म्हणाला. "फुकट टेन्शन कशाला घेतेस?"

"हात लावलास तर बघ!" रंजिता इतक्या जोरात ओरडली की कमळाकर पेपर टाकून आत आले. सुनेचा असा आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता. हो म्हटलं असतं तर होतं नव्हतं ते पुसलं गेलं असतं. तिने दोन्ही डिस्क काढल्या, साडीच्या घडीत गुंडाळल्या, कपाटात ठेवल्या आणि चावी कमरेला खोचली. मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. रडून झाल्यावर नेरूळच्या कॉम्प्युटरवाल्या अंकुशला फोन लावला.

अंकुश मूळचा साताऱ्याकडचा. त्याच्या दुकानात जुन्या मशिनींचा ढीग असतो. "त्याच मॉडेलचा बोर्ड? लय जुना हाय ओ ताई," तो म्हणाला. रंजिता रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन बसू लागली. शेवटी तिला टाळण्यापेक्षा बोर्ड शोधणं सोपं, असं त्यालाच वाटलं असावं. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसच्या भंगारातून त्याने तो मिळवला. त्या बोर्डाने डिस्क ओळखल्या. वेगळ्या डिस्कवर शेवटची फाइल उतरेपर्यंत रंजिताने चहासुद्धा घेतला नाही.

आता प्रश्न पुढचा. नव्या सर्व्हरमध्ये डिस्क सांभाळणार कोण?

"बोर्डावर कंट्रोलर आहे की फुकटात," रूपेश म्हणाला. दुधाने तोंड पोळलं तरी याला ताक फुंकायचं सुचेना.

"त्यापेक्षा हे कार्ड घ्या," घरी आलेल्या अंकुशने चकचकीत डबा पुढे केला. "बोर्ड जळू द्या न्हायतर बुडू द्या, हे काढून दुसऱ्या मशीनमदी लावायचं. ह्याला सोताचा मेंदू हाय."

"आणि कार्डच जळलं तर?" रंजिताने विचारलं.

अंकुशने डोकं खाजवलं. "मग असलंच दुसरं कार्ड गावाया पायजे."

"म्हणजे पुन्हा तेच. गाठ मारणारा मेला की सोडवणारा नाही."

कमळाकर म्हणाले, "महागाचं हाय, तं चांगलंच असल ना?" रंजिताने नकारार्थी मान हलवली. तिने साधं कार्ड निवडलं, नुसतं डिस्क जोडून देणारं, स्वतःची अक्कल न चालवणारं. बोर्डावर तिला हव्या तेवढ्या डिस्क मावत नव्हत्या, म्हणून कार्ड लागणारच होतं. पण कुठल्याही डिस्कवर अर्धं काही नको. प्रत्येकीवर सगळं, आणि कुठलीही एक उचलून कुठल्याही मशीनला लावली तरी वाचता आली पाहिजे. जागा वाया जाते म्हणून रूपेश कुरकुरला. रंजिता म्हणाली, "जाऊ दे."

रविवारी तिने सर्व्हर ओटीवर आणला, काशीआत्याच्या पायाशी. धवला लावला. आत्याचाच आवाज अंगणात घुमला आणि आत्या ताठ बसली. तेवढ्यात रंजिताने चालू सर्व्हरमधून एक डिस्क सर्रकन ओढून काढली.

"अगं ए!" रूपेश किंचाळला.

धवला थांबला नाही. तीच काढलेली डिस्क रंजिताने आपल्या लॅपटॉपला जोडली, आणि तिथेही आत्या गाऊ लागली. रंजिताला इतका आनंद झाला की हसावं की रडावं ते कळेना. तिने सर्व्हर बंद केला, लॅपटॉपचा आवाज वाढवला आणि आत्याच्या शेजारी बसली.

ओळ संपली. नेहमीची ती रिकामी जागा आली, सरस्वतीसाठी सोडलेली. आत्याने मान वळवून रंजिताकडे बघितलं. बघतच राहिली. आता कुठे रंजिताच्या लक्षात आलं. डिस्क भरल्या होत्या, पण घरात पुरं गाणं येणारं माणूस एकच होतं, आणि त्याची जीभ गेलेली.

पुढच्या रिकाम्या जागेत रंजिताने ओळ उचलली, चाचरत, बेसूर.

आत्याने डाव्या हाताने तिच्या मांडीवर चापट मारली. चुकलं होतं. रंजिताने धवला मागे नेला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केला.