धुळाजीनं जपलेला शब्द

धुळाजी माझा दीर. मी लगीन होऊन धारूरच्या डोंगरातल्या ह्या वाडीत आले, तवा तो शेरडांमागं पळायचा, नाक पुसायचं भान न्हवतं. शाळा शिकला न्हाई. पण नव्या गावाला गेला की तिथल्या माणसाला धरून इचारायचा, "आमी ह्याला असं म्हणतो, तुमी काय म्हणता?" बाकीचे ऊसतोडीहून भांडी आणायचे, हा बाबा शब्द आणायचा!

त्यातला लाडका शब्द छावणी. आमचा आजेसासरा मोमिनाबादला, म्हंजे आताच्या आंबेजोगाईला, पलटणीच्या घोड्यांना गवत घालायचा. त्याच्या तोंडी छावणी म्हंजे घोडे, शिपाई आन बिगूल. पुढं धुळाजी बायकोला, कडूबाईला, घेऊन कर्नाटकात अथणीकडं ऊस तोडाया गेलता. तिथल्या मालकीणबाईनं घराच्या छताकडं बोट करून सांगितलं, छावणी. कानडीत छावणी म्हंजे डोक्यावरचं छत! आन आमच्या दुष्काळी मुलखात छावणी म्हंजे जनावरांना चारापाणी मिळायची जागा. गहिनीनाथ गुरुजींनी ह्याला आणखी चढवलं. म्हणाले, "अरे, संस्कृतात छद् म्हंजे झाकणं. छत्र, छत, छावणी, सगळ्यांचं कूळ एकच." झालं! महिनाभर हा गावाला तेच सांगत फिरला. मी म्हणायची, "शब्दानं पोट भरतं का रं?" कडूबाई पदर तोंडाला लावून हसायची. तिला त्याचं लई कौतुक.

एका साली धुळाजीला पान लागलं. सापाचं नाव घेत न्हाईत आमच्यात, पान लागलं म्हणतात. दोन दिवस त्याच्या तोंडाला फेस. कडूबाई बिरोबाला नवस बोलली, मालक वाचला तर घरची काळी कालवड तुझी, जन्मात तिच्या कानाला लोखंड लावणार न्हाई. मालक वाचला. दोन सालांनी कडूबाईच अथणीच्या फडात तापानं गेली. मूलबाळ न्हवतं. मागं राहिली ती काळी गाय. धुळाजी तिच्याशीच बोलायचा, आज काय झालं, कोण भेटलं, समदं.

मग एकोणीसचा दुष्काळ आला. हिरी कोरड्या ठणठणीत, कडब्याचं नाव न्हाई. गावच्या दूध सोसायटीनं माळावर छावणी घातली, चेअरमन सुंदरराव. नियम असा, की प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला पायजे. मोबाईलवर बिल्ला दिसला तरच चारा. धुळाजी गाय घेऊन छावणीच्या दारात उभा. म्हणाला, "मालक, गळ्यात बांधा, शिंगाला बांधा, कानाला तेवढं नका टोचू."

सुंदरराव वाईट माणूस न्हवता. पण म्हणाला, "धुळाजी, नियम वरून आलाय. फोटोत कान दिसाया पायजे. माझ्या हातात काय हाय?"

धुळाजी माघारी फिरला. अकरा दिवस बाभळीच्या शेंगा वेचून घातल्या. गाईच्या बरगड्या मोजाव्यात अशा दिसाया लागल्या. शेवटी माझं डोकं फिरलं. त्याच्या दारात जाऊन भांडले, "कडूबाई तुझ्या जिवासाठी बोलली, गाय उपाशी मारायसाठी न्हाई! टोचू दे गपगुमान. पाप लागलं तर माझ्या माथी."

दुसऱ्या दिवशी गाईच्या कानाला भंडारा लावून तो तिला छावणीत घेऊन गेला. टोचताना त्यानंच तिचं तोंड उराशी धरलं. रक्ताचा एक थेंब आला. गाईनं कान झाडला आन चाऱ्यात तोंड घातलं. पाच दिवस ती खात होती आन हा मला सांगत होता, "वैनी, आज पेंड बी खाल्ली." मला वाटलं, बरं केलं आपण. देवाशपथ, तसंच वाटलं.

सहाव्या दिवशी छावणी बंद. कागदावर पावसाळा लागला होता म्हणं. वर बघावं तर ढगाचा पत्ता न्हाई. ज्यानं त्यानं आपापलं जनावर सोडून घरी नेलं.

दोन दिवसांनी भाकरी घेऊन धुळाजीकडं गेले तर घरात भगभगीत ऊन पडलेलं. वर नुसत्या काठ्या. छपराचं पाचट उपसून, त्यावर मिठाचं पाणी शिंपडून तो गाईला घालत होता. चुलीच्या धुरानं काळं कुळकुळीत झालेलं, कुजकं पाचट. "आरं, हे काय खायाचं हाय का?" मी वरडले.

"वैनी, दुसरं काय हाय सांगा," तो म्हणाला. "कडूबाईच्या हातानं शाकारलेलं हाय. खाईल ती."

खाल्लं बिचारीनं. चौथ्या दिवशी पोट टम्म फुगलं, दुपार व्हायच्या आत गेली. आम्ही दोघं तिच्या उशाला बसलो होतो, तर सोसायटीचा कारकून आला. छावणीचं दप्तर बंद करायचं होतं. मेलेल्या जनावराचा बिल्ला जमा करायचा, तो बी कानासकट, न्हाईतर खरं धरत न्हाईत. त्यानं खिशातून चाकू काढला. मी शिव्या द्याया उठले.

धुळाजीनं मला हातानं थांबवलं. "परका हात नको," म्हणाला. भिंतीवरचा ऊसतोडीचा कोयता काढला, गाईच्या डोळ्यांवर स्वतःचा पटका टाकला आन कान कापून त्या कारकुनाच्या पिशवीत टाकला.

कारकून गेला. डोक्यावर छप्पर न्हवतं, ऊन थेट त्याच्या टकलावर पडत होतं. कोयता हातात तसाच. जन्मभर लोकांना शब्द इचारत फिरलेला माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, "वैनी, कडूबाईला मी काय सांगू?"

मी उठले आन त्याच्या टकलावर पदराची सावली धरली.