आण्णांच्या हातची भवानी

कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत नवं दुकान निघालं की मालक आधी आण्णांच्या घरी जाई, मग महापालिकेत. दुकानातली पहिली खरेदी, म्हणजे भवानी, आण्णांनी करायची अशी पेठेची रीतच पडली होती. त्यांच्या हातची भवानी झालेलं दुकान चालतं, असं लोक म्हणत. पण ही भवानी सुखासुखी होत नसे. आण्णा दुकानात शिरत, एखादी वस्तू उचलत आणि पुढचा अर्धा तास मालकाशी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडत. नवख्या मालकाला कळत नसे, की आपण यांना बोलावून आणलंय की हे आपल्यावर चालून आलेत. भांडण संपलं की मात्र आण्णा खिशातून पैसे काढत आणि छापील किंमत पूर्ण मोजत. "भवानीला घासाघीस बोलायची असती, करायची नसती," असं ते म्हणत. मग गल्ल्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत आणि मोठ्यांदा सांगत, "जाऊ द्या!"

ती त्यांची डबल बेल. आण्णा एस.टी.त कंडक्टर होते आणि नोकरीची बहुतेक वर्षं चंदगडच्या गाडीवर गेली होती. तिथल्या पावसात, काजूची पोती आणि कोंबड्या घेऊन बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून थेट मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज त्यांनी कमावला होता. निवृत्त होताना तिकिटाची पेटी त्यांनी जमा केली, आवाज काही केला नाही.

धंद्याचे सल्लेही ते गाडीतूनच देत. आमच्या शेजारचा संजू कित्येक दिवस चहाचं दुकान टाकणार होता. आधी मोक्याची जागा, मग चांगलं फर्निचर, मग एखादा भागीदार, असं त्याचं वाढतच चाललं होतं. आण्णा त्याला म्हणाले, "गाडी भरायची वाट बघत स्टँडवर बसलास तर तितंच म्हातारा हुशील. टाइम झाला की बेल मार. पाशिंजर वाटंत मिळत्यात." पुढच्या सोमवारी संजूने एक शेगडी आणि एक पातेलं घेऊन कोपऱ्यावर चहा सुरू केला. दारातच साबणाचे खोके रचून बसलेल्या किराणावाल्याला त्यांनी नुसतं "फुडं सरकव, फुडं! मागं जागा हाय!" असं ओरडून खोके आत हलवायला लावले होते.

सगळेच सल्ले बरोबर निघत असं मात्र नाही. एका आइस्क्रीमवाल्याला त्यांनी पावसाळ्यात शेजारी भजी तळायला लावली. थोड्याच दिवसांत व्हॅनिलाला कांद्याचा वास लागला आणि तो बिचारा दुकान आवरून गावी निघून गेला. त्याचा विषय निघाला की आण्णा एवढंच म्हणत, "भजी बरी व्हती पन."

इतक्या दुकानांची भवानी केल्यामुळे त्यांचं घर म्हणजे एक अजब बाजार झाला होता. जन्मभर सायकल चालवलेल्या माणसाकडे खुंटीला हेल्मेट होतं. पोहता न येणाऱ्याकडे पोहायचा चष्मा होता. माशांची काचेची पेटी होती आणि तिच्यात काकूंनी कांदे-लसूण ठेवले होते. काकू म्हणजे आण्णांच्या पत्नी. अंगाने लहानखुऱ्या, आणि आवाज तर इतका हळू, की त्यांनी "चा घेतीस?" असं विचारलेलं मला ओठांवरूनच समजून घ्यावं लागे. आण्णा काहीतरी नवं घेऊन आले की त्या ते निमूट हातात घेत, फडक्याने पुसत आणि त्याच्यासाठी जागा शोधत. त्या घरात दोघांच्या वाटणीचं बोलणं आण्णाच उरकत.

आता माझं सांगते. मी मूळची इचलकरंजीजवळच्या कबनूरची. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढले, त्यामुळे कापडातलं थोडंफार कळतं. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि एका शाळेच्या ऑफिसात कारकून म्हणून लागले. इचलकरंजीचं सुती कापड आणून बायकांचे घरात घालायचे गाऊन शिवून विकायचे, हा फावल्या वेळातला उद्योग. तो बरा चालायला लागला तशी माझ्या डोक्यात दुकानाची हवा गेली. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, एवढंच म्हणाला, "नोकरी एकदा सोडलीस की परत मिळायची नाही, हे धरून चाल." त्याचं बरोबर होतं, म्हणून तर मला त्याचा राग आला. मी राजीनामा दिला आणि पेठेत एक गाळा घेतला.

आम्ही बौद्ध. मुहूर्त बघायची रीत आमच्या घरात नाही आणि पायगुणावर तर माझा काडीचा विश्वास नाही. त्यामुळे आण्णांना मी बोलावलंच नव्हतं. सकाळी घरच्यांनी मिळून बुद्धवंदना म्हटली, आईने पेढे वाटले, सगळे आपापल्या कामाला गेले आणि मी गिऱ्हाइकाची वाट बघत बसले. दुपार झाली तरी कुणी फिरकलं नाही. रस्त्याने जाणारी बाई आत नुसती नजर टाकी आणि पुढे जाई. गाऊनच्या घातलेल्या घड्या मी मोडत होते आणि पुन्हा घालत होते. एवढ्यात दारात आण्णा.

"मुहूर्त कुठला धरलाईस?"

"भाडं सुरू झालं तो."

आण्णा खूश झाले. "ह्यो खरा मुहूर्त! बाकीचे समदे पंचांगातले." मग त्यांनी रॅकवरचा जांभळ्या फुलांचा गाऊन ओढला, उलगडला आणि तो घेऊन सरळ बाहेर फुटपाथवर गेले. मी मागे धावले. भर रस्त्यात, धोतर-टोपीतला हा उंचापुरा माणूस गाऊन स्वतःच्या अंगाला लावून बघत होता.

"खिसा कुठाय ह्येला?"

"आण्णा, गाऊनला खिसा नसतो."

"का? बायकांस्नी ठेवायला काय नसतंय व्हय?"

"घरात घालायचा असतो तो."

"मग किल्ल्या कुठं ठेवायच्या? मोबाइल? गडी माणूस झोपायच्या पायजम्याला बी खिसा शिवून घेतंय, आन बाईनं समदं हातात धरून हिंडायचं?"

कोल्हापुरात भांडण लागलं की माणूस हातातलं काम टाकून थांबतो. दुचाक्या थांबल्या, संजूच्या टपरीवरची माणसं कप घेऊन आली, समोरच्या गिरणीतून दळण घेऊन निघालेल्या बायका डबे कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, "खरंय की ओ, माझा मोबाइल कायम फ्रीजवर ऱ्हातोय." दुसरी कापड चाचपायला लागली. मला भयंकर राग आला. या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी माझ्या दुकानाची शोभा केली, असं मला वाटलं. आण्णांनी पूर्ण पैसे दिले, टकटक केली, "जाऊ द्या!" म्हणाले आणि गाऊन काखेत मारून निघून गेले. मागे दुकानात बायकांची ही गर्दी. त्यांना माप दाखवता दाखवता माझा राग कुठे गेला ते मला कळलंही नाही.

आठ दिवसांनी आण्णा गाऊन परत द्यायला आले. ही त्यांची दुसरी खोड. घेतलेली वस्तू ते आठवड्याने परत आणून बघत. मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी ती गाडीतली सूचना वाचावी तशी वाचली, "'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' वा! म्हंजे पावणं दारात यायच्या आदीच त्येंला जावा म्हनून सांगितलंस."

"आण्णा, धुतलाय हा."

"मग? धुवायचा नव्हता? तसं बी पाटीवर लिव."

मला हसू आलं आणि तिथेच मी हरले. दोन दिवसांपूर्वीच मी माझ्याकडे शिवणाऱ्या बायकांना मुकाट्याने खिसे लावायला सांगितले होते. त्यातला एक गाऊन काढून मी त्यांना बदली दिला. त्यांनी खिशात आपली मूठ घातली, जोर लावून शिवण ओढून बघितली आणि म्हणाले, "आता चालंल." पाटी मी त्याच दिवशी काढली. त्या खिशावरच माझं दुकान उभं राहिलं.

पेठेत अर्थातच श्रेय पायगुणाला मिळालं. ते मला सहन होईना. एकदा त्यांच्याच घरी चहा घेताना मी म्हणाले, "आण्णा, तुम्ही तरी लोकांना सांगा, पायगुण वगैरे काही नसतं म्हणून."

आण्णांनी बशी खाली ठेवली. "न्हाईच की! मला काय म्हाईत न्हाय व्हय? पयल्यांदा एका बेकरीत खारी मऊ लागली म्हनून भांडलो, बघायला ही गर्दी झाली आन त्येची समदी खारी संपली. तवापासनं चालू हाय ह्ये."

"पण मग तुमच्या हातचं दुकान बुडत नाही असं लोक..."

"बुडत्यात की! ही माशाची पेटी कशाची हाय? आगं, बुडल्याली दुकानं बोलायला जाग्यावर ऱ्हात न्हाईत, म्हनून माझं नाव हाय." आणि ते गडगडून हसले. काकू कांद्याच्या पेटीकडे बघून पदराआड हसल्या. मग आण्णा म्हणाले, "पयल्या दिशी मालक लई भ्यालेला असतोय पोरी. म्हनून भांडायचं. भांडताना मानसाला भ्या वाटत न्हाय."

मला हा माणूस फार आवडायला लागला होता. तसं मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी ते सगळ्या पेठेला ओरडून सांगितलं असतं.

दुसऱ्या दुकानाचं टुमणं त्यांनीच लावलं. "एकाच ष्टापवर किती दिस उभी ऱ्हानार?" हा प्रश्न रोजचा झाला. शेवटी मी इचलकरंजीत जागा बघितली. मिलिंद म्हणाला, जिथून कापड येतं तिथेच नेऊन विकणार? भीती मलाही वाटत होती. ते माझ्या माहेराजवळचं गाव, तिथे पडले तर सगळ्या नातेवाइकांसमोर पडणार. आण्णा म्हणाले, "भवानीला मी हाय की. अख्खी इचलकरंजी गोळा करतो बघ." त्या भरवशावर मी अनामत भरली आणि गाऊन शिवायला टाकले.

आणि आण्णा गेले. साधा ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. त्या दिवशी पेठेतल्या दुकानांची शटर सांगावं न लागता खाली आली. गर्दी आण्णांच्या भांडणाला होई तेवढीच होती, फक्त आवाज कुणाचाच नव्हता.

महिन्याभराने मी काकूंना भेटायला गेले. खुंटीवर हेल्मेट, पेटीत कांदे, सगळं होतं तसंच होतं. मला रडू आवरेना. मी म्हणाले, "काकू, इचलकरंजीचं राहू द्यावं म्हणते. माझ्याच्यानं नाही होणार." काकूंनी पदराने माझे डोळे पुसले. मग ओठ हलले, "भाडं कवा सुरू हुतंय?"

"एक तारखेला."

"मग तवा उघड की," एवढंच म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या.

एक तारखेला मी दुकान उघडलं. वंदना झाली, पेढे वाटून झाले, कबनूरचे नातेवाईक शुभेच्छा देऊन गेले. मग तीच दुपार, तीच आत डोकावून पुढे जाणारी माणसं, त्याच मोडून पुन्हा घातलेल्या घड्या. पायगुणावर विश्वास नसलेली मी सारखी दाराकडे बघत होते. आणि दारात काकू उभ्या राहिल्या. पेठेचा कोपराही एकट्या न ओलांडणाऱ्या काकू, हातात पिशवी, एस.टी.ने एकट्या आलेल्या.

त्यांनी एक गाऊन उचलला, माझ्याकडे न बघता बाहेर पायरीवर नेला आणि घसा खाकरला.

"खिसा एकच हाय ह्येला," त्या म्हणाल्या. ते मलाच जेमतेम ऐकू आलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. रस्त्यावर कुणी थांबलं नव्हतं. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "एकच खिसा? दुसरा कुठाय?"

एक बाई वळून बघायला लागली. मला काय करायचं ते कळलं. मी बाहेर आले, कमरेवर हात ठेवले आणि ओरडले, "दोन कशाला लागतात हो?"

"का?" काकू कडाडल्या. तो आवाज इतकी वर्षं त्या घरात कुठे ठेवला होता कोण जाणे! "एकात मोबाइल ठेवला तर किल्ल्या काय डोस्क्यावर ठेवू? बायकांस्नी दोन हात हायत न्हवं? मग खिसा एकच का?"

रस्ता थांबला. कारखान्यातली पाळी सुटून घरी निघालेल्या कामगार बायका डबे हातात घेऊन जवळ आल्या. आमचं यथेच्छ भांडण झालं. मी रडत होते आणि भांडत होते, आणि खरंच, भीती वाटत नव्हती. काकूंनी पदराच्या गाठीतून पूर्ण पैसे मोजून दिले. गर्दी आत शिरायला लागली तशा त्या माझ्या कानाशी आल्या. आवाज पुन्हा होता तेवढाच झाला होता.

"जमलं का गं?"

"जमलं की काकू."

त्या पायऱ्या उतरल्या, थबकल्या आणि बायकांमधून वाट काढत परत आल्या. गल्ल्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. मग पिशवीत गाऊन कोंबत पुढे म्हणाल्या, "आठ दिसांनी परत करायला येतो. तवा बघ."