टेबलावरचं शेत

हिंगोलीतल्या आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. घर बांधलं तेव्हा बायकोला तिथं धान्याच्या कोठ्या आणि जादाच्या गाद्या ठेवायच्या होत्या. तिथं माझी रेल्वे आली. तीन भिंतींना लागून टेबलं मांडली आणि त्यांवर पूर्णेकडून हिंगोलीला येणारी जुनी मीटरगेजची लाइन बसवली, मोठी लाइन पडायच्या आधीची. माणूस पाऊण इंचाचा, आणि त्याच मापानं स्टेशन, पाण्याची टाकी, पूल, बाभळी, बकऱ्या. बायको अजून अधूनमधून गाद्यांचा विषय काढते.

पोटासाठी मी शाळेत चित्रकला शिकवली. बाकी आयुष्यभर हेच केलं. मीटरगेजची मॉडेलं आपल्याकडं तयार मिळत नाहीत, त्यामुळं सगळं हातानं. डबे तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे, मोटारी जुन्या टेपरेकॉर्डरमधल्या, रुळांखालचे स्लीपर बांबूच्या कामट्यांचे. सिग्नलचा एक खांब मनासारखा उतरेपर्यंत आठवडा जातो. जुने विद्यार्थी बाजारात भेटले की विचारतात, "सर, झुकझुक गाडी चालू हाय ना अजून?" आणि एकमेकांकडं बघून हसतात. "तुझ्या चित्रातल्या बैलापेक्षा बरी चालते," मी सांगतो. माझ्या जिभेला हाड नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

बघायला येणारे हमखास एक सल्ला देतात, एखादा बोगदा टाका, मजा येईल. आमच्या लाइनवर बोगदा नव्हता, तर मी कुठून टाकू? स्टेशनातला कडुनिंब एका अंगाला कललेला होता, तो माझ्याकडंही कललेला आहे. खोटं मी एकाच बाबतीत चालवून घेतलं होतं, ते म्हणजे मातीच्या. तरुणपणी एकदा खरी काळी माती पसरली होती. काळ्या मातीचा स्वभाव टेबलावर आणली म्हणून बदलत नाही. पावसाळ्यात ती फुगली, उन्हाळ्यात फाटली, रूळ वाकडेतिकडे झाले आणि इंजिन तोंडावर पडलं. तेव्हापासून मी लाकडाचा भुसा काळा रंगवून गोंदात कालवून वापरत आलो. दिसतो मातीसारखा आणि जागचा हलत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वसमत आणि हिंगोलीच्या मधे आमचं गाव, आणि आमचं शेत रुळाला अगदी लागून. मी शिकलो, कारण दादा शिकला नाही. शेत दोघांच्या नावावर, पण घाम त्याचा. दर आठवड्याला जवळा बाजार गावच्या बाजाराला जायचा, बकऱ्यांचे सौदे करायचा, आणि जाता-येता माझ्याकडं आला की या खोलीच्या दारातूनच म्हणायचा, "चाललं का लेकराचं खेळणं?" आत कधी आला नाही. मग एका हिवाळ्यात ज्वारीत उभा असतानाच त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली. वहिनी आधीच वारलेल्या, पोरगा पुण्याला नोकरीत. मी त्याला इकडं घेऊन आलो.

खाली न्हाणीला लागून हीच एक खोली, म्हणून टेबलांच्या मधे त्याची खाट टाकली. गाद्या ठेवायची बायकोची हौस अशी फिटली.

दादाचं बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. दोन-चार दिवस गेले की त्याचा एकच प्रश्न यायचा, "मला गावाकडं कवा नेतूस?"

"पाय जरा धरू दे जमिनीवर. मग जाऊ," मी म्हणायचो.

पाय आता धरणार नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. बायको त्याला सण होऊ द्या म्हणायची. पुतण्या फोनवर, सुट्टी मिळाली की येतो, आपण मिळूनच जाऊ, असं म्हणायचा. आम्ही सगळे मिळून त्याला फसवत होतो. मायेनंच, पण फसवत होतो, आणि मला त्याचा रोज त्रास व्हायचा. त्याला खरं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. असं वर्ष गेलं.

मग मला वाटलं, शेत तर माझ्या लाइनवर आहेच. याच्या खाटेवरून दिसेल असं ते नीट करून दिलं, तर याचा जीव रमेल आणि हा विचारायचं थांबेल. मी जुनं शेत उखडलं, बांध नव्याने घातले, विहिरीचं कडं दुरुस्त केलं आणि त्याला उशांना टेकवून बसवलं. "बघ दादा, आपलं रान."

त्यानं डावा हात लांब केला, शेतात बोट घासलं आणि बोटाकडं बघितलं. "भुस्सा हाय हा," तो म्हणाला. "ह्याच्यात काय उगवंल?" आणि भिंतीकडं तोंड केलं.

मला राग आला. आजारी माणसावर रागावू नये हे कळतं, पण आला. त्या तिरमिरीतच दुसऱ्या दिवशी रिकामं पोतं घेऊन गावाकडं गेलो. खरी माती पाहिजे ना, आणून देतो म्हटलं.

शेताच्या बांधावर गेलो आणि उभाच राहिलो. दादा पडल्यापासून त्या रानाला कुणी हात लावला नव्हता. कमरेइतकं गाजरगवत वाढून वाळून गेलं होतं. रुळावरचं फाटक बंद झाल्यापासून शेतात जायला लांबचा वळसा पडतो, त्यात रानडुकरांची तकलीफ, म्हणून बटईनं, निम्म्या वाट्यावर, करायला कुणी तयार होईना. रानाचं बघायचं पुतण्यानं अंगावर घेतलं होतं, त्यानंच हे फोनवर कबूल केलं. "काका, बाबांना सांगू नका," एवढंच म्हणाला. मी तण बाजूला सारून माती उकरली, पोतं भरलं आणि परत आलो.

"कसं हाय रान?" दादानं विचारलं.

"चांगलं हाय. बटईनं दिलंय."

रुळाच्या कडेला काळी माती घालायची नाही, हा माझाच नेम मी मोडला. भुसा खरवडून काढला. माती चाळायच्या आधी दादा म्हणाला, "आण हिकडं." मी घमेलं त्याच्या मांडीवर ठेवलं. तो डाव्या हातानं एकेक खडा फोडत बसायचा, दगड, मुळ्या वेचून बाजूला टाकायचा. त्या दिवसांत तो जेवला बरा. बायको म्हणाली, "अहो, भाऊजींच्या तोंडावर तेज आलं." मलाही तसंच वाटत होतं. त्यानं निवडलेली माती मी चाळून त्याच्या देखत पसरली, पाणी शिंपडलं, थापली. तो सांगेल तिथं उतार दिला, कारण पाणी विहिरीकडून रुळाकडं वाहतं हे मी विसरलो होतो.

चैत्रात माती फाटली. बारीक बारीक भेगा शेतातून निघून थेट रुळाखाली गेल्या, एक रूळ उचलला आणि गाडी बरोबर आमच्या शेतापाशी पडायला लागली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण दादा खुशीत होता. "आता बराबर. रान तापून राहिलंय," म्हणाला. मी गाडी काढून कपाटात ठेवली आणि लाइन बंद केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती बंद झाली, आणि मला फारसं काही वाटलं नाही.

पण भेगा पडल्या तसं दादाच्या डोक्यात पुढचं काम आलं. एका सकाळी चहा घेता घेता त्यानं विचारलं, "नांगरट काहून केली न्हाई?"

"झाली की. गावाकडं झाली मागच्या आठवड्यात."

"मंग हितं ढेकळं कुठं हायत?" तो टेबलाकडं बोट करून म्हणाला. "तू तर तारंचे खांबबी मोजून लावतूस."

दुपारी तो झोपल्यावर मी काट्या-चमच्यातला काटा घेतला आणि शेत नांगरलं. तासं सरळ धरली, फुटलेले तुकडे निवडून मापात बसतील तेवढेच ठेवले, बाकी चिमट्यानं उचलले. काम झकास झालं होतं. ते करताना आपण आपल्या भावाला फसवायला कारागिरी वापरतोय, हे मला पुरतं ठाऊक होतं, तरी हात थांबले नाहीत.

तो उठला. मी त्याला टेकवून बसवलं. बराच वेळ त्यानं बघितलं.

"चांगली केलीस," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "खोटी हायत."

"मापानं केलीत दादा. म्हणून बारीक दिसतात."

"मापाचं न्हाई म्हणत मी. तू पोत्यात माती आणलीस तवा तिच्यात कुंद्याच्या मुळ्या होत्या. हराळी होती. चालत्या रानात एवढी ऱ्हाती व्हय?" दम लागला म्हणून तो थांबला. "पडीक पडलंय न्हवं?"

म्हणजे घमेलं मांडीवर घेतल्या दिवसापासून त्याला माहीत होतं. इतके दिवस तो माझं ऐकून घेत होता.

"व्हय," मी म्हणालो.

"कवापास्नं?"

"तू पडलास तवापास्नं."

त्यानं मान हलवली. मग चादरीखालच्या पायाकडं बघून विचारलं, "आन ह्यो?"

वर्षभर जे गिळून बसलो होतो ते सांगायला एक शब्द पुरला. "न्हाई दादा."

मला वाटलं तो रडेल, निदान शिव्या तरी देईल. त्या खायची माझी तयारी होती. तो म्हणाला, "मंग हाय तसं करून ठेव. ढेकळं काढ ती."

बायकोला हे पटलं नाही. आजारी माणसाच्या डोळ्यांपुढं पडीक रान कशाला मांडायचं, किती अभद्र ते, असं ती मला बाहेर बोलावून म्हणाली. पण दार उघडंच होतं. आतून दादाच बोलला, "करू दे त्याला, माय."

आणि मी करायला बसलो. हयातभर मी हिरवं उभं केलं होतं, तुरीची शेतं, बांधावरची आंब्याची झाडं. पडीक कधी केलं नव्हतं. कुंद्यासाठी केरसुणीची टोकं कातरली, हराळीला काथ्या पिंजला, गाजरगवताला तागाचा धागा घेऊन टोकांना रव्याचे कण चिकटवले, वाळल्या पाल्याला चहाचा चोथा सुकवला. कुठं काय लावायचं ते दादा सांगायचा. हराळी आधी बांधाकडून येते, तिथून आत सरकव. रुळाच्या अंगाला पाणी साचतं, तिथं लव्हाळा. विहिरीजवळ येडी बाभूळ उठलीच असंल बघ. होती, मी बघून आलो होतो, पण त्याला सांगितलं नव्हतं. कडब्याची गंज घालायचा त्या जागी त्यानं मला थांबवलं. "तितं काई लावू नको. ती जागा टणक हाय, तितं साल-दोन साल काई येत न्हाई." ज्या रानातून त्यानं सगळा जन्म तण काढलं, त्यात कुठलं तण कुठं येईल हे तो मला एकेक करून दाखवत होता, आणि मी मान खाली घालून चिमट्यानं लावत होतो. माझे डोळे भरून यायचे. चष्मा पुसायचं निमित्त करून मी न्हाणीत जायचो.

ते संपलं तेव्हा माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात खरं काम होतं. दादानं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, पाणी मागितलं आणि आडवा झाला.

याला आता काही महिने झाले. दादा त्याच खाटेवर आहे. जेवतो, औषध घेतो, पुतण्याचा फोन आला की दोन शब्द बोलतो. सणाचं नाव निघालं तरी काही म्हणत नाही. सकाळी चहा घेऊन मी त्याच्या उशाशी बसतो. त्यानं एकदा तरी विचारावं, "मला गावाकडं कवा नेतूस?" म्हणून वाट बघतो. तो विचारत नाही.