श्रीखंडाचा डबा आणि आतली माणसं

काशिनाथराव पिंपळखुटे आणि शैलेंद्र आगाशे यांची पहिली भेट भोपाळ स्टेशनाबाहेर झाली, तेव्हा तीन रिक्षावाले, एक हवालदार आणि केळ्यांची एक हातगाडी यांनी जीव मुठीत धरून रस्ता मोकळा करून दिला होता. पुण्याहून बदली होऊन आलेला शैलेंद्र मोडक्या हिंदीत रिक्षाचं भाडं ठरवत होता आणि त्याची बायको मंजूषा एका हमालावर ओरडत होती, "अहो, बरणी! बरणी सांभाळा!" पलीकडून चाललेल्या पांढऱ्या व्हॅनच्या ब्रेकनी असा टाहो फोडला की फलाटावरची एक गाडी हिरवा सिग्नल मिळूनही जागची हलली नाही, असं पुढे पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत सांगत. व्हॅन उलटी फिरली आणि उलटीच आली. आतून खादीचा सदरा घातलेला एक ठेंगणा गृहस्थ उतरला, त्यानं बॅगा आत फेकल्या, मंजूषेला पुढे आणि शैलेंद्रला मागे कोंबलं, बरणी मात्र नवजात बाळासारखी स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि मग विचारलं, "मराठी ना?"

शैलेंद्र "हो" म्हणाला तेव्हा स्टेशन मागे पडलं होतं. मागच्या सीटवर त्याच्याखेरीज तीन आजीबाई, एक पेटी आणि कोबीचं पोतं होतं. एक आजी म्हणाल्या, "घाबरू नकोस. आम्हीसुद्धा अशाच आलो."

काशिनाथराव मूळचे अमरावतीचे. तरुणपणी पिपलानीच्या कारखान्यात लागले ते फोरमन होऊन निवृत्त झाले. आयुष्य टर्बाइनच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे आणि हळू चालवताही येत नसे. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई म्हणत, "यांना दोनच गोष्टींची भीती नाही. यमाची आणि गतिरोधकाची." फंडाच्या पैशांतून त्यांनी टाउनशिपच्या कडेला एक छोटं घर बांधलं होतं. पुढे व्हरांडा, मागे लिंबाचं झाड. उरलेल्या पैशांची ही व्हॅन. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, नोकरी संपली, आणि व्हॅन हाच त्यांचा कारखाना झाला. बिट्टन मार्केटच्या बाजाराला, अरेरा कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या भजनाला, कोणाला डोळे दाखवायला, पिपलानीतली सगळी म्हातारी मराठी माणसं काशिनाथरावांच्या व्हॅनमधून जात.

पण मराठी माणूस फुकट बसत नाही. फुकट बसणं म्हणजे उपकार, आणि उपकार म्हणजे पुढच्या हळदीकुंकवाला खाली मान. म्हणून ड्रायव्हरच्या सीटमागे सुतळीनं एक श्रीखंडाचा रिकामा डबा टांगला होता. उतरताना ज्याला जे वाटेल ते त्यात टाकायचं. कोणी मागत नसे, कोणी बघत नसे. काशिनाथराव त्यातून पेट्रोल भरत, आणि उरलंच तर कोजागरीला सगळ्यांना मसाल्याचं दूध.

शैलेंद्र विमा कंपनीत अधिकारी आहे हे त्या दिवशी कोणाला कळलं नाही. कळलं असतं तर काशिनाथरावांनी त्याला स्टेशनावरच सोडलं असतं, असं ते नंतर अनेकदा म्हणाले.

घात झाला तो बाजाराच्या दिवशी. शैलेंद्र पुढे बसला होता. एमपी नगरच्या चौकात काशिनाथरावांनी एक बस आणि एक बैल यांच्या मधून गाडी काढली, तेव्हा त्यानं डोळे मिटूनच विचारलं, "काका, गाडीचा विमा आहे ना?"

"आहे म्हणजे? दर वर्षी भरतो ना बाप्पा! थर्ड पार्टी."

"फक्त थर्ड पार्टी?"

"मग अजून किती पार्ट्या पाहिजेत?"

शैलेंद्र हसला. हसायला नको होतं. म्हणाला, "काका, त्या विम्यात तुमच्या गाडीनं रस्त्यावरच्या माणसाला उडवलं तर कंपनी भरपाई देते. आत बसलेल्यांना काही झालं, तर कंपनी म्हणते, ही माणसं आमच्या हिशेबात नाहीत."

"मग कोणाच्या हिशेबात?"

"तुमच्या. कोर्टानं भरपाई ठरवली तर ती तुमच्याकडून. पैसे नसतील तर जे असेल त्यातून."

काशिनाथरावांनी आरशात पाहिलं. मागे शकुंतलाबाई, त्यांच्याजवळ कमरेच्या पट्ट्यातले एक बापट, आणि दोन आज्या शेवग्याच्या शेंगा मांडीवर घेऊन हसत होत्या. काशिनाथरावांकडे जे होतं ते म्हणजे घर. त्या दिवशी व्हॅन पहिल्यांदा गतिरोधकासमोर थांबली.

घरी आल्यावर ते व्हरांड्यात बसून राहिले. रत्नप्रभाबाईंनी चहा आणला तर म्हणाले, "शकुंतलाबाईंचं कमरेचं हाड मोडलं तर समोरची खोली जाईल."

"काय?"

"आणि बापटांचा मणका म्हणजे स्वयंपाकघर. लिंबाचं झाड मी कोणाच्या गुडघ्यासाठी ठेवू सांग."

"उन्हातून आलात, सरबत घ्या," असं म्हणून त्या आत गेल्या. पण काशिनाथरावांना आता माणसं दिसतच नव्हती, हाडं दिसत होती. कोणी नमस्कार केला की ते मनगट बघत.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शैलेंद्रला गाठून मोठा विमा घेतला. गाडीचा, रस्त्यावरच्यांचा आणि आतल्यांचाही. त्या संध्याकाळी ते पुन्हा मोठ्यानं बोलले. व्हॅन पुसली, पुढे लिंबू-मिरची बांधली, आणि शैलेंद्रला म्हणाले, "बस, एक चक्कर मारू."

शैलेंद्र या वेळी मागे बसला आणि त्याच्या गुडघ्याला काहीतरी लागलं.

"काका, हे काय?"

"डबा."

"कसला?"

काशिनाथरावांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. आपली माणसं किती स्वाभिमानी, कोणी फुकट बसत नाही, वगैरे. सांगता सांगता त्यांना आरशात शैलेंद्रचा चेहरा दिसला आणि आवाज आपोआप खाली गेला. टर्बाइनला जे जमलं नव्हतं ते त्या चेहऱ्यानं केलं.

"काका, तुमचा विमा खाजगी गाडीचा आहे. पैसे घेऊन माणसं नेली तर ती भाड्याची गाडी. मग कंपनी हात वर करू शकते. नाहीतर जखमी माणसाला देईल आणि तुमच्याकडून वसूल करील."

"पण ही पेट्रोलची वर्गणी आहे रे! भाडं नाही!"

"वर्गणी आणि भाडं यातला फरक तुम्हाला कळतो, मलाही कळतो. वकिलाला कळला तर त्याचं पोट कसं भरायचं? कोर्ट काय म्हणेल ते कोर्टच जाणे."

डबा त्याच रात्री उतरला. सुतळीसुद्धा जाळली. पण डबा काढणं सोपं, सवय कशी काढणार? पुढच्या बाजाराला आज्यांनी हात पुढे केला तर डबा नाही. काशिनाथराव म्हणाले, "आता पैसे बंद." एक आजी दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या, "आमचं काही चुकलं का, काशिनाथ?"

मग सुरू झाली ती लपाछपी. काशिनाथराव उतरले की सीटच्या फटीत नोट. सदऱ्याच्या खिशात नोट. बापटांनी तर विंडस्क्रीन पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. ज्यांना पैसे ठेवायला जमेना त्यांनी लाडू आणले, चकल्या आणल्या. काशिनाथराव बेसनाचा लाडू हातात घेऊन शैलेंद्रच्या दारात उभे. "हा भाडं आहे का रे? खरं सांग. खाऊ का परत देऊ?"

"खा हो काका."

"नक्की? साजूक तुपातला आहे."

चष्मा पुसून पुसून ते फटीतल्या नोटा शोधत, आणि ज्याची त्याला परत द्यायला घरोघर फिरत. रात्री दचकून उठत. रत्नप्रभाबाई म्हणत, "अहो, भांडवलदार लोकांना पैसे गेल्याची भीती वाटते. पैसे आल्याची भीती वाटणारा नवरा मलाच मिळाला." तरी त्यांनाही झोप लागत नसे. कारण ते अंधारात भिंतीवरून हात फिरवत बसलेले त्यांना ऐकू येई.

गाडी इतकी हळू चालू लागली की सायकली पुढे जाऊ लागल्या. आणि जन्मभर बैलांमधून गाडी काढणाऱ्या माणसाच्या हातून गोष्ट घडली ती हळू चालवताना. बिट्टन मार्केटच्या वळणावर एक वासरू आडवं आलं. पूर्वीचे काशिनाथराव वळसा घालून निघून गेले असते. या काशिनाथरावांनी घाबरून सगळ्या अंगानं ब्रेक दाबला. शकुंतलाबाई समोरच्या सीटवर आदळल्या. वासरू निघून गेलं. त्याचा काही विमा नव्हता.

शकुंतलाबाईंच्या मनगटाला बारीक तडा. कारखान्याच्या दवाखान्यात प्लॅस्टर घातलं. शकुंतलाबाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. त्या उलट काशिनाथरावांनाच धीर देत होत्या. "अरे, डावा हात आहे. उजव्यानं मी अजून कानफटात देऊ शकते." काशिनाथराव हसले, पण त्यांना प्लॅस्टर दिसत नव्हतं, समोरची खोली दिसत होती.

शकुंतलाबाईंचा मुलगा परीक्षित बंगळुरूहून आला. सज्जन मुलगा. त्यानं काशिनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जगातली सगळ्यात भयंकर गोष्ट अत्यंत प्रेमानं सांगितली.

"काका, तुम्ही मुळीच वाईट वाटून घेऊ नका. मी माझ्या वकील मित्राकडून दावा टाकलाय. विमा असतो कशासाठी? कंपनीचे पैसे, तुमचे थोडेच जातायत!"

काशिनाथरावांनी "हो, हो" म्हटलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

आठवडाभरानं कळलं की कंपनीचा तपास करणारा माणूस शकुंतलाबाईंना भेटायला येणार आहे. शैलेंद्रनं स्पष्ट सांगितलं, तो एकच गोष्ट विचारील. भाडं दिलं होतं का. "काका, मी यात काही बोलू शकत नाही. माझी नोकरी आहे. पण त्या काय सांगतील त्यावर बरंच अवलंबून आहे."

भीती वाटावी अशी हीच गोष्ट होती. शकुंतलाबाई वैरी नव्हत्या, लोभी नव्हत्या. त्यांच्यात एकच दोष होता. त्या खोटं बोलत नसत. पिपलानीत एकदा त्यांनी वरपक्षासमोर सांगितलं होतं की मुलीला गणित येत नाही, आणि ठरलेलं लग्न मोडलं होतं.

आदल्या संध्याकाळी काशिनाथराव झाडाची लिंबं पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. 'बाई, त्यांनी विचारलं तर म्हणा, काही दिलं नाही.' दारात उभे राहिले आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शकुंतलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय रे? काही सांगायला आलास?"

"नाही बाई. लिंबं द्यायला आलो."

"एवढी? लोणच्याला देतोयस की लाच?"

काशिनाथरावांच्या हातून पिशवी पडली. लिंबं खाटेखाली घरंगळत गेली. ती गोळा करायच्या निमित्तानं ते बराच वेळ खाली वाकून राहिले. वर आले तेव्हा डोळे लाल होते. शकुंतलाबाईंनी एक लिंबू ठेवून घेतलं आणि बाकीची पिशवीत परत घातली.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. तरुण, नम्र, हातात मोबाइल. परीक्षित एका बाजूला, काशिनाथराव दाराशी. चहा झाला. मग त्यानं विचारलं, "माताजी, एक छोटी सी बात. आपने गाड़ी में बैठने का किराया दिया था?"

काशिनाथरावांनी भिंतीला हात टेकला. दुसऱ्याच्या घराची भिंत, पण भिंतच ती.

"किराया? पिंपळखुटे किराया लेगा? उसको पैसे लौटाने से फुरसत मिले तब ना," शकुंतलाबाई म्हणाल्या. काशिनाथरावांचा श्वास सुटला. "लेकिन मैं फ्री में नहीं बैठती. पहले डिब्बा था, डिब्बे में डालती थी. डिब्बा निकाल दिया तो उस दिन बीस रुपये सीट कव्हर के नीचे रखे थे. अभी भी होंगे. इसको दिखता नहीं."

माणसानं मोबाइलवर टिपून घेतलं. परीक्षितचा चेहरा उतरला. वकील मित्रानं त्याला भाड्याबद्दल विचारलं होतं, आणि त्यानं 'छे' म्हणून सांगितलं होतं.

काशिनाथरावांच्या मनात लिंबाचं झाड मुळांसकट उठलं आणि चालायला लागलं. समोरची खोली त्याच्या मागून निघाली, तिच्या मागून रत्नप्रभाबाई हातात चहाचा कप घेऊन.

"लिख लिया?" शकुंतलाबाईंनी विचारलं. "अब ये भी लिखो. मेरे पति कारखाने में थे. मेरा प्लॅस्टर वहीं के अस्पताल में हुआ, मुफ्त. मुझे किसी से कुछ नहीं चाहिए." मग मुलाकडे वळून मराठीत, "परीक्षित, दावा मागे घे. मला विचारलं होतंस का?"

"आई, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी दर महिन्याला फोन कर. तेवढं पुरे."

दावा मागे घेतला गेला. घर राहिलं. सीट कव्हरखाली खरंच वीस रुपयांची नोट सापडली. काशिनाथरावांनी ती परत नेऊन दिली आणि शकुंतलाबाईंनी ती निमूटपणे घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

शैलेंद्रला वाटलं, आता सगळं पूर्ववत होईल. रत्नप्रभाबाईंनाही वाटलं. पण दावा मागे घेता येतो, भीती नाही. पुढच्या बाजाराला काशिनाथराव व्हॅनमध्ये बसले, चावी फिरवली, आरशात तीन आज्या पाहिल्या आणि चावी परत काढून घेतली. "गाडी बिघडली," म्हणाले. गाडी बिघडली नव्हती.

पावसाळ्यानंतर व्हॅन सीहोरच्या एका भाजीवाल्यानं विकत घेतली. आता बाजाराच्या दिवशी काशिनाथराव सिटी बसने जातात. शकुंतलाबाईही त्याच बसने जातात. तिकीट ज्याचं तो काढतो.